बारा टक्के

बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकलो नाही. विषय नव्हता असं नाही. एकच विषय डोक्यात घोळत होता आणि तो इथे लिहावा की नाही हेच ठरत नव्हतं. कारण हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे आमचे नातेवाईकच आहेत, आणि विषय त्यांच्याशी झालेल्या वादाचा आहे. (उरलेले निम्मे ब्लॉगर मित्र. त्यांनी आमच्या घरातलं भांडण मजेत वाचावं, हरकत नाही.)

तर झालं असं. दिवाळीत सगळे गावी जमलो होतो. फराळ झाला, चहा झाला आणि ताईच्या अपघाताच्या केसचा विषय निघाला. काका म्हणाले, "पावणेचार लाख मिळाले ना तिला? वर व्याज. मग आता हायकोर्टात कशाला गेलाय? मिळालं ते घ्यावं माणसानं. जीव वाचला हे काय कमी आहे?"

दोन-चार माना डोलल्या. कुणीतरी, "हो ना, कोर्टाची सवयच लागते," असंही म्हणालं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. चकलीचा डबा काखेत धरून डाव्या हातानं झाकण लावायचा प्रयत्न करत होती, ते काही बसेना. शेवटी भाचीनं लावून दिलं.

मीही तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. बोलताना आवाज चढतो माझा आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१९ च्या नोव्हेंबरात ताई स्कूटीवरून बाजारातून येत होती. मागून टेम्पोनं उडवलं. उजव्या हाताचं कोपर आणि मनगट, दोन्ही मोडलं. दोन ऑपरेशनं, प्लेट, स्क्रू. हाड जुळलं, पण नस दुखावली होती ती पूर्ण सुधारली नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं जेमतेम मिटतात, त्यांत जोर नाही. तेव्हा ती ४३ वर्षांची होती, आणि वीस वर्षं ब्लाउज शिवत होती.

टेम्पोचा थर्ड पार्टी विमा होता, म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणात (सगळे 'ट्रायब्युनल' म्हणतात) दावा लावला. २०२४ च्या मार्चमध्ये निकाल आला. एकूण ३,६९,९६० रुपये आणि दावा लावल्यापासून व्याज. काकांना तो आकडा दिसला. मला त्या आकड्याच्या आतलं दाखवायचंय.

त्यातले १,८६,००० म्हणजे दवाखान्याची बिलं. म्हणजे आम्हीच खर्च केलेले, काही तर उसने घेतलेले पैसे परत आले. त्याला मिळालं म्हणायचं असेल तर म्हणा. वेदनेचे ३० हजार, आहार आणि गाडीभाड्याचे १५ हजार, आणि तीन महिने काम बंद राहिलं त्याचे १८ हजार. राहिले १,२०,९६०. हे सगळ्यात महत्त्वाचे, कारण हे तिच्या उरलेल्या आयुष्यातल्या कामाचे.

हा आकडा कुठून येतो ते मलाही आधी माहीत नव्हतं. महिन्याची कमाई गुणिले बारा, गुणिले वयानुसार एक ठरावीक गुणक, आणि त्यातून जेवढी कमाईची ताकद गेली तेवढे टक्के. गुणकाचा तक्ता सुप्रीम कोर्टानं २००९ साली सरला वर्मांच्या प्रकरणात घालून दिलाय. ४१ ते ४५ वयाला १४. इथवर वाद नाही. ट्रायब्युनलनं ताईची कमाई महिना ६,००० धरली. वर्षाचे ७२ हजार, चौदापट केले की १०,०८,०००. त्याचे १२ टक्के. झाले १,२०,९६०.

आता हे १२ टक्के. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर लिहिलंय, उजव्या हाताचं कायमचं अपंगत्व ४० टक्के. ट्रायब्युनल म्हणालं, हे चाळीस टक्के एका हाताचे, अख्ख्या शरीराचे धरले तर साधारण बारा होतात. सबब कमाईही बारा टक्क्यांनीच कमी झाली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वकिलांना फोन करून विचारलं, की टायपिंगची चूक आहे का? नव्हती.

अहो, ब्लाउज काय अख्ख्या शरीरानं शिवतात का? पाय ठणठणीत आहेत, डोळे चांगले आहेत, डावा हात शाबूत आहे, हे सगळं खरं. पण कात्री उजव्या हातात धरतात. कटोरीचं कापड सुईखाली वळवत न्यायचं ते याच बोटांनी. हूक लावायचे, काजं करायची, हातशिलाई घालायची, सगळं त्या दोन बोटांचं आणि अंगठ्याचं काम. मी बँकेत नोकरी करतो. हीच दुखापत मला झाली असती तर मी आठ दिवसांत डाव्या हातानं माउस धरायला शिकलो असतो आणि पगार एक रुपयानं कमी झाला नसता. हात तोच, टक्के तेच.

आणि हे काही मी भावाच्या मायेनं रचलेलं तर्कट नाही. सुप्रीम कोर्टानं २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात अगदी हेच सांगितलंय. डॉक्टरनं शरीराचं मोजमाप द्यायचं, पण कमाई किती गेली हे कोर्टानं ठरवायचं. ते ठरवताना माणूस आधी काय काम करत होता, आता त्यातलं काय करू शकतो, आणि दुसरं काही करून पोट भरू शकतो का, हे बघायचं. उदाहरण दिलंय ते डावा हात गेलेल्या माणसाचं. तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची जवळजवळ सगळी कमाई गेली. सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित तशीच राहील. २०२० साली पप्पू देव यादव यांच्या प्रकरणातही तेच. टायपिंगचं काम करणारा विशीतला मुलगा, उजवा हात गेला. सर्टिफिकेट ८९ टक्क्यांचं, हायकोर्टानं कमाईचं नुकसान ४५ धरलं, सुप्रीम कोर्टानं ते ६५ वर नेलं. शिवाय पुढे कमाई वाढली असती ती वाढही दुखापतीच्या दाव्यात धरायची, असं सांगितलं. ताईच्या निकालात त्या वाढीचा उल्लेखही नाही.

म्हणजे कायद्यात आहे. खाली पोचलेलं नाही, एवढंच. मग वर जाऊन सांगायचं नाही तर काय करायचं?

कमाईचं तर आणखी वेगळं. ताईकडे बिलबुक नव्हतं. एक लांब वही होती, तिच्यात नाव, माप, अस्तर की साधं, पैसे आले की बरोबरची खूण. लग्नसराईत पानंच्या पानं भरलेली. वर्षाची सरासरी काढली तर दहा हजारांच्या आसपास जाते. ती वही कोर्टात दिली. सही-शिक्का नाही म्हणून धरली नाही. आता गल्लीतल्या बायका ब्लाउज न्यायला येताना काय स्टँप घेऊन येतील? २०१४ साली सय्यद सादिक यांच्या निकालात सुप्रीम कोर्टापुढे एक भाजीविक्रेता होता, उजवा पाय गेलेला. अशा माणसाकडून कागदपत्रांचा पुरावा मागणं बरोबर नाही असं म्हणून कोर्टानं २००८ सालच्या अपघाताला महिना ६,५०० कमाई धरली, आणि नुकसान ८५ टक्के. आमच्या निकालात २०१९ सालच्या शिंपिणीला सहा हजार!

हिशेब आवडणाऱ्यांसाठी (आमच्या घराण्यात बरेच आहेत) दुसरा हिशेब. कमाई दहा हजार. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा असलेल्या चाळीस ते पन्नास वयाच्या माणसाला पुढची वाढ २५ टक्के. म्हणजे वर्षाचे दीड लाख. चौदापट केले की २१ लाख. त्यातलं निम्मं नुकसान धरलं तर साडेदहा लाख. एकीकडे एक लाख एकवीस हजार, दुसरीकडे साडेदहा लाख, आणि हात तोच.

निम्मं का धरलं ते सांगतो, कारण तोही आकडा हवेतला नाही. सध्या ताई मापं घेते, गिऱ्हाइकाशी बोलते, कापडावर खडूनं खुणा करते (डाव्या हातानं, वाकड्या येतात), आणि शेजारची एक मुलगी कापते आणि शिवते. पैसे निम्मे-निम्मे. म्हणजे ताईच्या कामाची बाजारातली आजची किंमत बाजारानंच ठरवून दिलीय. यात भाकरी थापता येत नाही, धुणं पिळता येत नाही, हे धरलेलंच नाही. घरकामाची किंमत कोर्टांनी पैशात धरायला हवी असं सुप्रीम कोर्ट २०२१ च्या कीर्ती निकालात म्हणालंय. आमच्या निकालात त्या रकान्यात काही नाही.

आता काकांचा दुसरा मुद्दा, जो आत्यानंही फोनवर काढला. वर गेलो आणि आहे तेही गेलं तर? ही भीती मलाही होती. पण याचं उत्तर २०११ च्या रंजना प्रकाश निकालात आहे. आपणच वाढीसाठी अपील केलं असेल तर त्या अपिलात कोर्ट रक्कम कमी करू शकत नाही, फार तर अपील फेटाळेल. कमी करायची असेल तर विमा कंपनीनं स्वतः अपील करायला हवं. आमच्यात तिनं केलं नाही, रक्कम भरून टाकली. ताईनं ती रीतसर काढून घेतली आणि आधी उसनवारी फेडली. म्हणजे 'मिळालं ते घ्यावं' हे आम्ही केलंच आहे, काका. घेतलं, आणि जे राहिलं त्यासाठी गेलो.

ब्लॉगर मित्रांपैकी कुणावर अशी वेळ आली (न येवो) तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अपिलाची मुदत निकालापासून ९० दिवस आहे. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका. आणि अपिलात सहसा नवा पुरावा होत नाही, खाली जे कागदावर आलं त्यावरच सगळं चालतं. हे मला फार उशिरा कळलं. ताईची उलटतपासणी चालू होती तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "चमचा धरता येतो का?" ताई म्हणाली, "येतो." "सही करता येते का?" "येते." "पर्स उचलता येते?" "हलकी असली तर." सगळी खरी उत्तरं. कात्री धरता येते का, हे कुणीच विचारलं नाही. आमच्याही वकिलांनी नाही. आणि मी, जो गावभर बोलत असतो, मीही उठून त्यांच्या कानात सांगितलं नाही. नशीब, डॉक्टरांच्या साक्षीत 'बोटांची पकड कमजोर, बारीक काम अवघड' एवढं एक वाक्य आलंय. आमचं अख्खं अपील त्या वाक्यावर उभं आहे.

काकांच्या बाजूनंही बोलायला हवं. खोटे दावे होतात. न झालेल्या अपघातांचे, वाढवलेल्या बिलांचे, भाड्यानं आणलेल्या साक्षीदारांचे. ताई वॉर्डात असतानाच एक गृहस्थ आमच्याकडे व्हिजिटिंग कार्ड घेऊन आले होते, 'निकालाच्या वीस टक्के' बोलीवर. (वकिलानं अशी टक्क्यावर फी घेणं नियमात बसत नाही. गृहस्थ वकील होते की नाही तेही कळलं नाही.) असले प्रकार पाहून न्यायाधीश आणि विमा कंपन्या प्रत्येक आकड्याकडे संशयानं बघत असतील तर त्यांना तरी किती दोष द्यायचा? पण त्या संशयाची किंमत मोजते कोण? ज्यांच्याकडे पगाराची स्लिप आहे ते सुटतात. वही असलेले अडकतात.

आणि अपिलाची एक बाजू अशी आहे की जिच्यामुळे मी रात्री कधीकधी जागा असतो. ती काकांनी काढली नाही, मीच काढतो. केस चालू असेपर्यंत माणसाला पूर्ण बरं होता येत नाही. हातानं नव्हे, मनानं. मागच्या वर्षी भाचीनं फेसबुकवर फोटो टाकला, ताई मशीनपुढे बसलीय आणि हसतेय. आमच्या ओळखीच्या एकानं, जो कोर्टाच्या कामातला आहे, लगेच फोन केला, "तो फोटो काढून टाका, उगाच समोरच्यांच्या हातात सापडेल." त्याचा सल्ला चुकीचा होता असं म्हणत नाही. पण मला तो भयंकर लागला. म्हणजे ताईनं हसायचं नाही? मशीनपुढे बसायचं नाही? ताईला विचारलं तर म्हणाली, "राहू दे की. मशीनपुढे बसता येतं हे मी कुठं नाकारलंय? शिवता येत नाही, एवढंच म्हणतेय." फोटो अजून आहे. पण त्यानंतर तिनं मशीनपुढे फोटो काढू दिलेला नाही, हेही खरं.

वेळेचं म्हणाल तर, निकाल कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. त्यातल्या त्यात बरं म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि आमच्या भागातली कामं आता तिकडे चालतात. आधी वकिलांना भेटायचं तरी रात्रीच्या गाडीनं मुंबई, सकाळी कुठंतरी तोंड धुवायचं, आणि संध्याकाळी परत. आता सकाळी निघून जेवायला घरी येता येतं. ताई म्हणते, जाता-येता अंबाबाईचं दर्शन होतं, तेवढाच फायदा.

मी तिला दिवाळीनंतर एकदा सरळ विचारलं होतं. तुला नको असेल तर सोडून देऊ. काका म्हणतात त्यात तथ्य असेलही. सहा वर्षं झाली, किती दिवस तेच तेच उगाळायचं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पैसे आले तर बरंच आहे. पण मला त्यांनी बारा टक्के का लिहिलं ते कुणीतरी परत बघायला हवंय. मी वीस वर्षं काय करत होते ते त्या कागदात कुठंच नाहीये."

हे वाक्य मी दिवाळीत काकांना सांगायला हवं होतं.

असो. काका, रागावू नका. वाचून झालं की फोन करा, वाद घालू. आणि काकूंना सांगा, त्यांची दोन्ही ब्लाउजं शिवून तयार आहेत, फक्त हूक राहिलेत. शेजारची मुलगी परीक्षेला गेलीय, रविवारी लावून देईल.